कमी खायचे की जास्त पळायचे? शिरूर-दौंडमधील मुलींच्या फिटनेसचे चुकलेले गणित

दौंड हे रेल्वे जंक्शनचे गाव, तसेच ते वर्दीचेही गाव. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथेच, प्रशिक्षण केंद्र जवळच नानवीजला. त्यामुळे पहाटे साडेपाचला बाहेर पडले की रस्त्याच्या कडेने पळणारी मुले-मुली दिसतात. भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेले तरी चित्र तेच. न्हावऱ्याचा रस्ता असो की रांजणगावकडचा, ट्रॅक सूट घातलेल्या दोन-तीन मुली आणि मागे मोटारसायकलवर कुणाचा तरी भाऊ किंवा वडील.

या मुलींपैकी एक माझी मामेबहीण. वय २१, उंची १५७ सेंमी, वजन ५० किलो. पोलीस शिपाई भरतीची तयारी करते. दिवाळीत घरी गेले तेव्हा तिच्या ताटात अर्धी भाकरी आणि काकडी होती. वजन ४५ वर आणायचे, म्हणजे पळताना हलके वाटेल, असे तिने मोबाइलवर कुठेतरी पाहिले होते. तीन महिन्यांपासून पाळी आली नव्हती, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. सरावात अडथळा नको, म्हणून तिला ते सोयीचेच वाटत होते. तिच्या ८०० मीटरची वेळ मात्र कमी होण्याऐवजी वाढत चालली होती.

कमी खाल्ले, वजन उतरले, रोज सराव केला आणि तरी वेग घटला, हे कसे? डाएटचे सल्ले आपल्याकडे ढिगाने मिळतात. पण ते व्यायामाशिवाय पाळायचे की व्यायामासह, आणि व्यायाम सुरू झाला की त्यात काय बदलायचे, हे क्वचितच सांगितले जाते. विशेषतः विशीतल्या मुलींना.

मैदानात नेमके काय मोजतात?

पोलीस शिपाई पदासाठी महिला उमेदवारांना किमान १५५ सेंमी उंची लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते: ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण आणि चार किलोचा गोळाफेक १५ गुण. ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत पूर्ण केले तर पूर्ण २० गुण. म्हणजे ताशी जवळपास १७ किलोमीटरचा वेग, तोही सलग पावणेतीन मिनिटे टिकवायचा. १०० मीटरसाठी १४ सेकंद आणि गोळा सहा मीटर गेला तर तिथेही पैकीच्या पैकी. हे गुण लेखी परीक्षेच्या गुणांत मिळवून अंतिम यादी लागते. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ पदांची भरती झाली तेव्हा मैदानी चाचण्या १९ जूनपासून, ऐन पावसात सुरू झाल्या होत्या. अशा चाचणीत एकेका गुणाला किती किंमत असते, ते तयारी करणाऱ्या कुठल्याही घराला विचारा.

या ५० गुणांत वजनकाट्याला एकही गुण नाही. १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ३० गुण सरळ स्नायूंच्या ताकदीचे आहेत. ८०० मीटरला दम लागतो, म्हणजे हृदय, फुप्फुसे आणि रक्तातले हिमोग्लोबिन. वजन घटवताना स्नायूही घटले, तर आपण गुणच घटवतो.

भरती न देणाऱ्या मुलींनाही हे लागू आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत शिफ्टमध्ये उभे राहून काम करणारी, रोज रेल्वेने पुण्याला जाणारी, लग्न ठरले म्हणून ‘थोडे बारीक व्हायचे’ असलेली, या सगळ्यांच्या मोबाइलवर तेच व्हिडीओ येतात.

दीक्षित, दिवेकर की ‘बाराशे कॅलरी’?

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घराघरांत ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद रंगला होता. लग्नाच्या पंगतीतही लोक त्यावरून तट पाडून बसत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकांसमोर ठेवलेली पद्धत अशी: खरी भूक कधी लागते ते ओळखा, दिवसातून दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळेत काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर यांचे सांगणे जवळपास उलट: थोड्या-थोड्या अंतराने खा, आजी जे खायची ते खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका, हंगामातले आणि आपल्या मातीतले खा.

या वादात एक गोष्ट बाजूला पडली. दोघांनीही व्यायाम सांगितला होता. डॉ. दीक्षित यांच्या पद्धतीत रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे हा निम्मा भाग आहे. दिवेकर तर व्यायामाला पर्यायच नाही असे सांगतात. आपण मात्र त्यातले जेवणाचे वेळापत्रक तेवढे उचलले आणि चालणे सोडून दिले. डॉ. दीक्षित यांचा मुख्य रोख लठ्ठपणा आणि मधुमेह रोखण्यावर आहे, हेही विसरले गेले. सकाळी आठ किलोमीटर पळणाऱ्या ५० किलोच्या मुलीचा प्रश्न तो नव्हे.

तिसरा प्रकार मोबाइलवरचा: दिवसाला १,२०० कॅलरी, सकाळी लिंबू-मध-पाणी, रात्री फक्त सूप. चौथा ‘कीटो’, ज्यात भाकरी, भात, पोळी जवळपास बंद.

यातला कोणता चांगला? संशोधनाचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. अमेरिकेत ‘डाएटफिट्स’ नावाच्या चाचणीत १८ ते ५० वयाच्या ६०९ जणांचे दोन गट केले. एकाला स्निग्ध पदार्थ कमी, दुसऱ्याला कर्बोदके कमी. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरात पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने, दुसऱ्याचे ६ किलोने घटले. फरक नगण्य. चीनमध्ये ग्वांगझू येथे लठ्ठ असलेल्या १३९ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. कॅलरी दोन्ही गटांना सारख्याच कमी दिल्या, पण एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्या वेळेतच खायचे होते. वर्षाअखेरीस या गटाचे वजन ८ किलोने, दुसऱ्याचे ६.३ किलोने घटलेले होते, आणि हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

थोडक्यात, वजन घटवण्यापुरते पाहिले तर जे डाएट तुम्हाला वर्षभर झेपेल ते चांगले. घड्याळ, तूप, भात यांवरचे वाद त्यामानाने किरकोळ आहेत.

व्यायामाची भर घातली तर?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर सिएटलमधील एका चाचणीत मिळते. वजन जास्त असलेल्या ४३९ महिलांचे चार गट केले. वर्षभरानंतर फक्त डाएट करणाऱ्यांचे वजन ८.५ टक्के घटले, फक्त व्यायाम करणाऱ्यांचे २.४ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचे १०.८ टक्के आणि काहीच न करणाऱ्यांचे ०.८ टक्के. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा तक्ता पाहून पटकन निष्कर्ष निघतो: वजन तर डाएटनेच कमी होते, पहाटे उठायचे कशाला? माझ्यातल्या इंजिनीअरलाही आधी तेच वाटले. पण इथे दोन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, या महिला पन्नाशीच्या पुढच्या होत्या आणि त्यांचे वजन खरोखरच जास्त होते. २१ वर्षांच्या, ५० किलोच्या मुलीला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरी, काटा फक्त किती घटले ते सांगतो, काय घटले ते सांगत नाही. नुसते खाणे कमी करून वजन उतरवले की साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायू वगैरेंचा असतो. सोबत ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने असतील तर हे नुकसान बरेच कमी होते. उलट, फक्त व्यायाम करणाऱ्या मुलीचा काटा फारसा हलत नाही. पण तिचा दम वाढतो, मांड्या-खांदे मजबूत होतात, कंबर थोडी आत जाते. काट्यावर पाहणारा म्हणतो फरक नाही, मैदानात पाहणारा म्हणतो आहे.

तेच डाएट, पण पळायला लागल्यावर

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणून थोडे गणित. आकडे ढोबळ आहेत.

मामेबहिणीचे उदाहरण घेऊ. वजन ५० किलो. त्यात २५ टक्के चरबी धरली तर चरबीविरहित शरीर ३७.५ किलो. खाल्लेल्या कॅलरीतून व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा केल्या की जे उरते, त्यावर बाकीचे शरीर चालते: हृदय, मेंदू, हाडांची झीज भरून काढणे, पाळीचे चक्र. या शिलकीला शास्त्रज्ञ चरबीविरहित शरीराच्या दर किलोमागे मोजतात. तरुण मुलींमध्ये ती ४५ कॅलरीच्या आसपास असावी. २००३ मध्ये अमेरिकी संशोधक अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगात दिसले, की ही शिलक पाच दिवस ३० च्या खाली ठेवली तरी पाळीचे चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडू लागते. फक्त पाच दिवस.

आता हिशेब करा. मुलगी दिवसभर खुर्चीत बसून अभ्यास करते आणि १,२०० कॅलरी खाते. १,२०० भागिले ३७.५, म्हणजे ३२. अगदी काठावर, पण रेषेच्या वर. तीच मुलगी पहाटे सहा किलोमीटर पळते. ढोबळ नियम असा की दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक कॅलरी, म्हणजे ३०० कॅलरी. वर जोर-बैठका, गोळ्याचा सराव असे १००. आता उरल्या ८००. भागिले ३७.५, म्हणजे २१. रेषेच्या कितीतरी खाली.

डाएट तेच आहे, मुलगी तीच आहे. व्यायामाशिवाय ते डाएट तिला फक्त भुकेले ठेवत होते. व्यायामासह ते तिच्या शरीरातले दिवे एकेक करून मालवते आहे. ४५ ची पातळी गाठायची तर तिला दिवसाला साधारण २,१०० कॅलरी हव्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेले आकडेही याच्याशी जुळतात: ५५ किलोच्या स्त्रीला बैठ्या कामात १,६६० कॅलरी, मध्यम श्रमात २,१३० आणि जड श्रमात २,७२०.

ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा तूट’ असे नाव दिले. लक्षणे ओळखीची आहेत: पाळी लांबणे किंवा थांबणे, सतत थकवा, थंडी वाजणे, चिडचिड, वारंवार सर्दी-खोकला, पायाच्या नळीत दुखणे आणि सराव करूनही वेग न वाढणे. नळीतले दुखणे अंगावर काढले तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो, आणि मग भरतीच्या तोंडावर पाय आठवडेच्या आठवडे विश्रांतीवर. शरीर आपल्या हाडांची शिल्लक साधारण तिशीपर्यंतच जमा करते. त्या काळात पाळी महिनोन्महिने बंद राहिली तर ती शिल्लक कमीच राहते, आणि त्याचा हिशेब पुढे पन्नाशीत चुकवावा लागतो.

पाळी थांबली म्हणजे ‘पीसीओडी’च?

इथे गावाकडे आणि शहरातही मोठी गल्लत होते. पाळी अनियमित झाली की पहिला शब्द येतो ‘पीसीओडी’, आणि त्यावरचा पहिला सल्ला, ‘वजन कमी कर, भाकरी-भात बंद कर’. ज्या मुलीला खरोखर पीसीओएस आहे आणि वजन जास्त आहे, तिच्यासाठी वजन कमी करण्याचा सल्ला योग्यच. वजन पाच-दहा टक्के घटले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. (तिथेही अमुकच डाएट श्रेष्ठ असा पुरावा नाही, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.)

पण जिची पाळी कमी खाऊन जास्त पळल्याने थांबली आहे, तिला हाच सल्ला दिला तर आगीत तेल. तिला जास्त खायला हवे. लक्षण एक, उपाय परस्परविरुद्ध. हा फरक व्हिडीओ पाहून कळत नाही, मैत्रिणीला विचारून तर नाहीच. त्यासाठी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगाव्याच लागतात: किती पळते आणि किती खाते. माझ्या बहिणीने औषधाच्या दुकानात विचारून गोळ्या आणण्याचा बेत केला होता. पळण्याचा विषय ती कुणालाच सांगणार नव्हती, कारण तो तिला आजाराशी जोडलेला वाटतच नव्हता.

तीन महिने पाळी आली नाही तर तपासणी करायची. लग्न झालेले असो वा नसो. घरात हा विषय काढायला लाज वाटते, आई ‘होतं असं’ म्हणते, वडिलांना सांगायचा प्रश्नच नाही. आशाताई गावातच असतात, त्यांच्यापासून सुरुवात करता येते.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय दिसले?

मुलींच्या खाण्याबद्दल आणि कष्टांबद्दल जगात ज्या अभ्यासांचा दाखला दिला जातो, त्यातला एक आपल्याच जिल्ह्यातला आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकलाही केईएमचे ग्रामीण रुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे, ते शिरूरकरांना ठाऊक असते.

त्या गावांतल्या माता सरासरी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या होत्या. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या जवळ, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गंमत म्हणजे आपली बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगावर चरबी तितकी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. बारीक दिसणारी, पण आतून चरबी राखून असलेली ही ठेवण जन्मापासूनची. याच अभ्यासात दिसले की पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. नुसत्या एकूण कॅलरींचा तसा संबंध दिसला नाही. आणि शेतातले, घरातले जड काम जास्त करणाऱ्या मातांची बाळे लहान होती.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. त्यांनी गमतीने कारणही दिले होते: एक मॅरेथॉन पळतो, दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रुग्णालयात लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत जाणे.

विशीतल्या मुलींसाठी यात सरळ अर्थ आहे. ‘मी तर बारीकच आहे, मला व्यायाम कशाला’ हे आपल्याकडे चालत नाही. स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असताना नुसते डाएट करून त्यातलेही काढणे म्हणजे मुद्दलात हात घालणे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार भारतातल्या ५७ टक्के महिला पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे.

मग शेतातले काम व्यायामात धरायचे का?

कांदा काढणीला वाकून दिवस काढणाऱ्या मुलीला ‘रोज अर्धा तास चाल’ असे सांगणे हास्यास्पद आहे. हालचाल म्हणून ते काम मोजले जातेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या निकषात कामातली हालचालही येते. ऊर्जेच्या हिशेबात तर ते धरलेच पाहिजे, कारण खर्च तो खर्च. पण ताकद वाढवण्याच्या दृष्टीने ते पुरे नाही. रोज तेच वजन, तीच वाकलेली पाठ. शरीर त्याला सरावते आणि थांबते. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, जोर, पाठीवर पिशवी घेऊन पायऱ्या, गोळा असल्यास गोळा, असे हळूहळू वाढत जाणारे ताकदीचे व्यायाम वेगळे लागतात.

जी मुलगी पहाटे पळते, दुपारी शेतात किंवा कंपनीत असते आणि रात्री अभ्यासिकेत बसते, तिची गरज मध्यम श्रमाच्याही वर जाते. नेमकी तीच घरात शेवटी जेवते.

आधी हिमोग्लोबिन, मग डाएट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे मैदानावर दहा मुली उभ्या असतील तर पाच जणींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असण्याची शक्यता. त्याच पाहणीत राज्यातल्या २०.८ टक्के महिला प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आणि २३.४ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. एकाच गावात दोन्ही. मग सगळ्यांना एकच डाएट कसे चालेल?

८०० मीटरशी याचा थेट संबंध आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. हिमोग्लोबिन १२ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात १६ मिलिलिटर ऑक्सिजन, ९ असेल तर १२. म्हणजे एक-चतुर्थांश ऑक्सिजन सुरुवातीलाच कमी. इंजिन तेच, पण हवेच्या नळीवर बोट ठेवल्यासारखे. अशा मुलीने कितीही सराव केला तरी दुसऱ्या फेरीत पाय जड होणारच, आणि तिला वाटते आपण आळशी आहोत.

पाबळच्या विज्ञान आश्रमाने ग्रामीण शाळांसाठी घडवलेल्या अभ्यासक्रमात मुले हाताने काम करत शिकतात आणि त्यात हिमोग्लोबिन तपासणीही असते, हे कळले तेव्हा वाटले की भरती अकॅडमीत पहिल्या दिवशी वजनकाट्याऐवजी हीच तपासणी व्हायला हवी. सरकारी आरोग्य केंद्रात ती होते. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात आठवड्याला एक लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मोफत मिळते: १० ते १९ वयोगटाला निळी, २० ते ४९ वयोगटातील महिलांना लाल. रक्तक्षय निघाला तर मात्र डोस वेगळा असतो, तो डॉक्टर ठरवतात. शाकाहारी मुलींनी बी-१२ चेही विचारावे; याज्ञिक यांच्या अभ्यासात बहुसंख्य मातांमध्ये त्याची कमतरता आढळली होती.

गोळी किंवा जेवण झाल्यावर लगेच चहा घेऊ नये, तो लोह शोषू देत नाही. लिंबू, पेरू, आवळा सोबत असेल तर लोह चांगले शोषले जाते. आपल्याकडे चहाशिवाय जेवण पचत नाही असे मानणारी घरे आहेत, त्यामुळे ही सूचना वाटते तितकी सोपी नाही.

ताटात काय?

स्त्रीला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह आणि सामान्यतः वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. नियमित पळणारीला आणि गोळा फेकणारीला प्रथिने १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत न्यावी लागतात. ५० किलोला ६० ते ८० ग्रॅम. यासाठी डबा भरून पावडर लागते असे सांगितले जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन पावडर टाळायला सांगितले आहे, आणि हिशेब केला तर तिची गरजही पडत नाही.

बाजरीच्या तीन भाकरींतून साधारण १९ ग्रॅम. दोन वाट्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, नाहीतर पिठले, १४ ग्रॅम. दोन अंडी १२, दोन कप दूध १३, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ५. झाले ७०. बाजरीत लोहही गव्हापेक्षा चांगले. शिरूर-दौंडच्या घरात यातले बहुतेक सारे असते. प्रश्न असतो मुलीच्या ताटात किती येते त्याचा, आणि ती स्वतः ‘डाएट’ म्हणून काय परत करते त्याचा.

वेळही महत्त्वाची. पहाटे अगदी रिकाम्या पोटी वेगाचा सराव करू नये. केळे किंवा गुळाचा खडा आणि शेंगदाणे पुरतात. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही. सरावानंतर तासाभरात खरे खाणे हवे. इथे दोन जेवणांची पद्धत पळणाऱ्या मुलीला अडचणीची ठरते. सकाळी सहाचा सराव आणि पहिले जेवण दुपारी एकला, म्हणजे मधले सात तास शरीर स्नायू मोडून भागवते. दोनदाच जेवून दोन हजार कॅलरी पूर्ण करणेही सोपे नाही. पोट आधीच भरते.

ज्यांना खरोखर वजन घटवायचे आहे, म्हणजे बीएमआय २५ च्या पुढे (आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हायला सांगतात), त्यांनी रोजच्या गरजेतून तीनशे-चारशे कॅलरी कमी कराव्यात. त्यासाठी आधी खारी, फरसाण, वडापाव, साखरेचा चौथा चहा जावा. भाकरी आणि डाळ राहू द्यावी. व्यायाम पहिल्या दिवसापासून सोबत हवा. आणि भरतीच्या आधीचे दोन महिने वजन घटवण्याचे नव्हेत, ते काम त्याआधी उरकावे.

बहिणीचे हिमोग्लोबिन ९.४ निघाले. डॉक्टरांनी महिनाभर पळणे निम्म्यावर आणले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दुपारचे जेवण दुप्पट करायला सांगितले. पळणे कमी करायचे या कल्पनेनेच ती रडली होती. मामींनी मात्र दुसऱ्याच दिवसापासून अंडी उकडायला सुरुवात केली. त्यांच्या माळकरी घरात अंडी शिजण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यासाठी अंगणात वेगळी चूल मांडली गेली. पाळी दहा आठवड्यांनी आली. वजन आता ५२ आहे. गेल्या रविवारी तिने ८०० मीटरची वेळ पाठवली: ३ मिनिटे ४ सेकंद. दिवाळीत ती ३ मिनिटे २१ सेकंद होती. अजून १४ सेकंद कमी करायचे आहेत.